जुन्या मेलमधली मराठी

विंडोज ७ जाऊन विंडोज १० आलं आणि माझ्या जुन्या मेलमधली मराठी तीन तऱ्हांनी बिघडली. काही मेलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं यांची नुसती खिचडी. काहींत डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ‘ए’ आणि त्यांच्यामागे चलनांची चिन्हं, येन, युरो वगैरे. आणि काहींत चौकोन, चौकोन, चौकोन. इंग्रजी मेल मात्र ठणठणीत. दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, फॉन्ट गेलेत बहुतेक.” एका प्रकारापुरतं ते खरं होतं. बाकीच्यांची कारणं वेगळी निघाली.

मी मुद्रितशोधक. पुण्यात राहून छोट्या प्रकाशकांची आणि दिवाळी अंकांची कामं करते. २००४ पासूनच्या मेल सांभाळून ठेवल्या आहेत, कारण कोणत्या लेखकाने कोणती दुरुस्ती मान्य केली होती हे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हमखास विचारलं जातं. या खेपेला निकडही होती. एका दिवंगत कथालेखकांचा पत्रसंग्रह त्यांची मुलगी करते आहे. त्यांनी मला लिहिलेल्या लांबलचक मेल तिला हव्या होत्या, आणि मी “पाठवते की” असं सांगून बसले होते.

कॉम्प्युटर बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी मी रेटत राहिले. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ साठी १०९ ही शेवटची आवृत्ती ठेवली, तेव्हा थांबणं अवघड झालं. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसणारं नव्हतं, म्हणून १०. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि तिच्यावर सगळं कोरं इन्स्टॉल केलं. जुनी डिस्क पुसू नका, यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून द्या, असं मी बजावलं होतं. पुढचं सगळं त्या डिस्कमुळे निभावलं.

माझ्या मेल विंडोज लाइव्ह मेलमध्ये होत्या. तो प्रोग्रॅम ज्या संचाचा भाग होता त्याचा सपोर्ट जानेवारी २०१७ मध्येच संपलेला, इन्स्टॉलरही काढून घेतलेला. सुदैवाने लाइव्ह मेल प्रत्येक मेलची वेगळी ‘ईएमएल’ फाइल ठेवायचा. ते फोल्डर जुन्या डिस्कवरून उचललं, थंडरबर्ड हा दुसरा मेल-प्रोग्रॅम घेतला, त्याला ‘इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी’ नावाचं अ‍ॅड-ऑन जोडलं आणि सगळ्या मेल आत ओढल्या. ओढल्या गेल्याही बिनबोभाट. उघडून पाहिल्या तर वर सांगितलेला प्रकार.

भाची बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, “मावशी, काही सेव्ह केलंयस का त्यातलं? कुणाला फॉरवर्ड?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग हात लावू नकोस. ईएमएलची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेव आणि दुसऱ्या कॉपीवर खेळ. आता कंट्रोल आणि यू दाब, काय दिसतं ते वाचून दाखव.”

कंट्रोल-यू दाबलं की मेलचा सोर्स उघडतो. पोस्टाचे शिक्के असावेत तशा वर कितीतरी ओळी, कुठून निघाली, कोणत्या सर्व्हरवरून गेली. त्यांत एक ओळ ‘कंटेंट-टाइप’ची. तिच्या शेवटी ‘कॅरसेट’ आणि पुढे एक नाव. हा मजकूर कोणत्या तक्त्याने वाचायचा, ते तिथे लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरपर्यंत पोचतात ते आकडे. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे तक्ता सांगतो, आणि ते अक्षर कसं दिसावं हे फॉन्ट. भाचीने एवढंच सांगितलं आणि म्हणाली, आता प्रत्येक बिघडलेल्या मेलला दोनच प्रश्न विचारायचे: तक्ता कोणता, फॉन्ट कोणता?

मी आधी त्या तिरक्या रेघेच्या टोपीवाल्या ‘ए’च्या मेल घेतल्या. एका मासिकाच्या कचेरीतून येणाऱ्या, २०१२-१३ च्या सुमाराच्या. सोर्समध्ये कॅरसेट म्हणून लिहिलं होतं ‘आयएसओ-८८५९-१’. म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा तक्ता. त्याच्यात मराठी बसणंच शक्य नाही. मजकूर प्रत्यक्षात होता यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे रीतसर युनिकोड, सगळ्या लिप्यांना सामावणारा तक्ता. पाकिटात मराठी पत्र आणि पाकिटावर भलतंच लेबल. लेबल पाठवणाऱ्याकडच्या कुठल्यातरी जुनाट मेल-प्रोग्रॅमने लावलं असणार.

मग जुन्या कॉम्प्युटरवर ह्याच मेल नीट कशा दिसत होत्या? त्याचंही उत्तर सापडलं. लाइव्ह मेलच्या आंतरराष्ट्रीय सेटिंगमध्ये एक चौकट असे: येणाऱ्या सगळ्या मेल एकाच ठरलेल्या तक्त्याने वाचा. ज्याने कोणी मला तो कॉम्प्युटर लावून दिला, त्याने तिथे यूटीएफ-८ निवडून टिक करून ठेवली होती. त्यामुळे खोटी लेबलं वर्षानुवर्षं खपून गेली. थंडरबर्ड सरळमार्गी. लेबलावर आहे तसं वाचतो.

त्या गिचमिडीकडे मी बराच वेळ बघत बसले, व्यवसायाची खोड म्हणून. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन आकड्यांचं असतं. चुकीच्या तक्त्याने वाचलं की एका अक्षराची तीन भलती चिन्हं होतात. पहिलं कायम तोच टोपीवाला ‘ए’. दुसरं चलनाचं: मूळ अक्षरं, काना आणि पहिली वेलांटी असेल तर चार कोपऱ्यांना काटे असलेलं वर्तुळ, दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या उकार-मात्रांना येन. तिसरं चिन्ह मात्र प्रत्येकाचं स्वतःचं. ‘म’ म्हणजे वर्तुळातला ‘आर’, नोंदणीकृत मालाच्या नावावर असतो तो. ‘र’ म्हणजे अंशाचं चिन्ह. काना म्हणजे पाऊण, तीन भागिले चार. पहिली वेलांटी म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह, दुसरी म्हणजे युरो. मात्रा म्हणजे आम्ही तळटीपेला वापरतो तो दुहेरी खंजीर. संध्याकाळपर्यंत मला ‘मामा’ आणि ‘राम’ वाचता यायला लागलं. हे कौशल्य कुठे उपयोगी पडेल ते देव जाणे.

थंडरबर्डमध्ये ह्याला एक तात्पुरता उपाय आहे. ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ म्हणून आहे, ते दाबलं की प्रोग्रॅम लेबल बाजूला ठेवून मजकुरावरून अंदाज बांधतो. दाबलं आणि सगळं पान मराठीत आलं. पण ते त्या वेळेपुरतं. दुसऱ्या दिवशी मेल उघडली की पुन्हा पाऊण आणि युरो. कायमचं करायचं तर लेबलच बदलायला हवं. ईएमएल ही साधी टेक्स्ट फाइल असते, त्यामुळे कॉपीवरची फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून वरच्या ओळीतलं नाव काढलं, यूटीएफ-८ लिहिलं, पुन्हा आत ओढली. त्या मासिकाच्या बहुतेक मेलचा मजकूर सोर्समध्ये बरोबरच्या चिन्हामागे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या अशा सांकेतिक रूपात होता, सगळा साध्या इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे फाइल सेव्ह करताना मराठीला धक्का लागायची भीती नव्हती. एक जमली म्हटल्यावर भाचीने सगळ्या फोल्डरवर शोधा-आणि-बदला चालवून दिलं.

पण ह्याच गठ्ठ्यात एक वाईट पोटजात होती. काही मेल मासिकाकडून तिसऱ्या कोणाकडे गेल्या होत्या आणि त्यांच्याकडून माझ्याकडे. मधल्या माणसाच्या कॉम्प्युटरने ती गिचमिडी हाच मूळ मजकूर समजून नव्याने युनिकोडमध्ये बांधली होती. इथे लेबल खरं, मजकूरच मोडका. उलट्या पावलांनी जावं लागतं: गिचमिडी पुन्हा पश्चिम युरोपच्या तक्त्यात घालायची, आकडे परत मिळवायचे, मग ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. ह्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘एफटीएफवाय’ नावाचं मोफत साधन आहे. भाचीने ते चालवलं आणि बरंच परत आलं. काही ठिकाणी मात्र काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह उरलं, आणि उरलं ते ठरावीक अक्षरांवरच.

त्यांतली दोन सांगण्यासारखी आहेत. ‘ठ’ची तिसरी खूण त्या तक्त्यात येते ती न तुटणारी मोकळी जागा. दिसायला नुसती फट. मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने तिची साधी स्पेस केली की ‘ठ’ संपला. ‘भ’ची तिसरी खूण येते ती अदृश्य संयोगरेषा, ओळीच्या शेवटी शब्द तोडायला लागलीच तर उमटणारी. अनेक प्रोग्रॅम ती कचरा म्हणून काढून टाकतात, की ‘भ’ गेला. आता मराठी पत्रव्यवहारात काय असतं? आठवण, पाठवतो, भेटू, भाऊ, लोभ असावा. नेमके तेच शब्द भोकं पडून आले होते. आणि ‘मराठी’ शब्दाचाही ‘ठ’ गेलेला. एकदा कारण कळल्यावर हाताने भरणं सोपं झालं. जिथे स्पेस राहिली आहे तिथे ‘ठ’, जिथे काहीच नाही तिथे ‘भ’, आणि खात्रीला वाक्याचा अर्थ आहेच. पायमोडाचं चिन्ह, पहिला उकार, मराठी ‘ए’ आणि ‘झ’ ह्यांच्या वाट्याला त्या तक्त्यातल्या चक्क रिकाम्या जागा येतात. काही मेलमध्ये तेही गळले होते, म्हणजे जोडाक्षरं फुटलेली. तिथे मला माझ्या धंद्याचं काम करावं लागलं, ते मी वर्षानुवर्षं करतेच आहे.

आता कथालेखकांच्या मेल. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्या इंग्रजी खिचडीच्या. सोर्स उघडला तर प्रत्येक परिच्छेदाआधी फॉन्टचं नाव लिहिलेलं: डीव्हीबी-टीटी सुरेख. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या घराण्यातला. आमच्या पिढीतल्या कोणालाही हे नाव परकं नाही. युनिकोड १९९१ मध्ये आला खरा, पण विंडोजमध्ये देवनागरी आणि तिच्यासोबत मंगल फॉन्ट आला तो विंडोज २००० पासून. एक्सपीवरही जटिल लिप्यांचा सपोर्ट वेगळा टिक करून घ्यावा लागे. त्याच्या आधीपासून डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीची, सगळी मराठी अशाच फॉन्टांवर चालली होती. कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजीच, फक्त इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली. आणि चित्रं अक्षरांचीही नव्हेत, अक्षरांच्या तुकड्यांची. त्यांच्या मेलमध्ये जागोजाग डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी मोठा ‘ई’ दिसत होता. तो म्हणजे उभा दंड. ‘म’ हवा तर अर्धा म आणि त्याला दंड. काना हवा तर पुन्हा तोच दंड. खिळे जुळवणाऱ्याची रीत थेट कॉम्प्युटरात आलेली. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता आणि मासिकं, पुस्तकं, सरकारी संकेतस्थळं सगळी त्यावरच निघाली. आज नावं ठेवणारे त्या काळी डीटीपीच्या खोलीत बसलेले नव्हते.

जाता जाता: त्या काळच्या मराठी मेलचे विषय बघा, सगळे रोमन अक्षरांत. ‘लेख पाठवला आहे’, ‘दिवाळी अंकाबद्दल’, सगळं इंग्रजी लिपीत. विषयाच्या ओळीला फॉन्ट लावता येत नाही, म्हणून. आत पानभर सुरेख मराठी आणि पाटीवर रोमन. त्यामुळे एक बरं झालं, मेल शोधताना निदान विषयांनी दगा दिला नाही.

उपाय उघड होता. फॉन्ट परत टाका. आमच्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीवाल्यांना फोन केला, त्यांनी ह्या फॉन्टांत हयात घालवली आहे. ते म्हणाले, “ताई, नाव नीट वाचा. डीव्ही आहे का डीव्हीबी? बी म्हणजे बायलिंग्वल, त्यात इंग्रजीपण बसवलंय. बिनबीचा टाकलात तर वेगळंच दिसेल. आणि टाइप करायला डोंगल, ती कॉम्प्युटरला खोचायची किल्ली, लागायचं, वाचायला नुसता फॉन्ट पुरतो.” जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात बीसह सुरेख होताच. कॉपी केला, उजवं बटण दाबून इन्स्टॉल केला, थंडरबर्ड बंद करून उघडलं.

ढिम्म. तीच खिचडी.

इथे दोन अडथळे होते, एकावर एक. पहिला थंडरबर्डच्या सेटिंगमधला. दुकानातल्या मुलाने सुरक्षिततेसाठी म्हणून मेल ‘साधा मजकूर’ स्वरूपात दाखवायला सांगितलं होतं. तसा हेतू चांगला, लबाड मेलमधली चित्रं-दुवे चालत नाहीत. पण साध्या मजकुराला फॉन्ट नसतो. ‘व्ह्यू’मध्ये ‘मेसेज बॉडी अ‍ॅज’ आणि तिथे ‘ओरिजिनल एचटीएमएल’, म्हणजे फॉन्टसकट मूळ मांडणी, केलं. मधला ‘सिंपल एचटीएमएल’ चालत नाही, तोही फॉन्टची नावं गाळतो. शिवाय फॉन्टांच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मेलला स्वतःचे फॉन्ट वापरू द्या’ अशा अर्थाची चौकट असते, तीही टिक असावी लागते. एवढं केल्यावर २००६ ची एक मेल उघडली आणि त्यांची ती नेहमीची सुरुवात आली, ‘आपण पाठवलेली प्रुफं पाहिली. आपण मला शुद्धलेखन शिकवायचा विडा उचलला आहे असे दिसते.’ तेव्हा मला ह्याचा राग आला होता.

दुसरा अडथळा त्यांच्या निम्म्याअधिक मेलना होता. फॉन्ट आहे, एचटीएमएल आहे, तरी चौकोन. तिसऱ्या तऱ्हेची गाठ इथे सुटली. सोर्समध्ये कॅरसेट लिहिला होता ‘एक्स-यूजर-डिफाइन्ड’. म्हणजे तक्ता वापरणाऱ्याच्या मर्जीचा, असा मोघम कारभार. जुने प्रोग्रॅम ह्याचा अर्थ, आकडे आहेत तसे फॉन्टकडे द्या, असा घेत आणि सगळं चाले. हल्लीच्या प्रमाण नियमांत हे आकडे युनिकोडच्या खासगी भागात नेऊन बसवतात, जिथे कोणत्याच सर्वमान्य अक्षराचं घर नाही. फॉन्टमध्ये चित्रं इंग्रजीच्या जागी, मजकूर मागतो खासगी भागातली, भेट होत नाही आणि चौकोन पडतात. त्यावर उपाय पुन्हा लेबल बदलण्याचा, पण ह्या वेळी यूटीएफ-८ नव्हे. इथे मजकूर खरोखरच पश्चिम युरोपी वेषातला आहे, म्हणून ‘विंडोज-१२५२’ लिहायचं. कॉपीवर एक फाइल बदलून पाहिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ‘आपला’पर्यंत सगळं उभं राहिलं.

म्हणजे एकाला यूटीएफ-८ औषध, दुसऱ्याला तेच विष. सगळ्या मेलवर एकदम एकच बदल चालवला असता तर काय झालं असतं, ते भाचीने मला समजावून सांगितलं, आणि मग मी मेलचे पाठवणाऱ्यांप्रमाणे वेगळे गठ्ठे केले. एका माणसाचा कॉम्प्युटर आणि फॉन्ट सहसा बरीच वर्षं तोच असतो. त्याची एक मेल सुटली की त्या काळातल्या बाकीच्या सुटतात.

दिसायला लागल्या, पण पत्रसंग्रहासाठी दिसणं पुरत नाही, मजकूर युनिकोडमध्ये हवा. ते रूपांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे परिवर्तक, प्रत्येक फॉन्टचा वेगळा असतो. सुरेखचा मिळाला. परिवर्तकाची खरी कसोटी लागते ती पहिल्या वेलांटीला आणि रफाराला. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार उलटा, दिसतो शेवटी, युनिकोडमध्ये लिहायचा आधी. ‘वार्षिक’ घ्या: दोन्ही अडचणी एका शब्दात. ते परिवर्तकाने बऱ्यापैकी केलं. हरला तो अर्ध्या ‘र’पुढे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ हे सगळे डोक्यावर रफार घेऊन आले. ‘सुऱ्या’चा ‘सूर्य’ व्हायला फक्त उकाराचा आणि कान्याचा फरक उरतो, आणि त्यांच्या एका कथेत दोन्ही आहेत. यंत्राने केलेलं शोधा-आणि-बदलाने दुरुस्त करू नये, हे मला तिथे पटलं. एका खिडकीत सुरेखमधलं मूळ, शेजारी युनिकोड, आणि ओळीवर पट्टी ठेवून वाचन. कागद नव्हता एवढाच फरक.

त्यांच्याच काही मेल दुसऱ्या एका फॉन्टात होत्या, कुठल्यातरी सायबर कॅफेतून पाठवलेल्या. त्या फॉन्टात इंग्रजीचं लहान अक्षर एक मराठी अक्षर देतं आणि मोठं दुसरं. मेल-प्रोग्रॅम दर वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करायचा. त्यामुळे वाक्याची सुरुवातच भलत्या अक्षराने. तेव्हाही आम्ही ते मनातल्या मनात सुधारून वाचायचो, आता टाइप करून सुधारलं.

अलीकडच्या, सरळ युनिकोडमधल्या मेलचं दुखणं किरकोळ होतं. पाठवणाऱ्याने मंगल किंवा कोकिळा असं नाव घातलेलं, आणि माझ्याकडे ते नाहीत. विंडोज १० मध्ये देवनागरीचा नेहमीचा फॉन्ट निर्मला यूआय. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे जादा संचात गेले आहेत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे ऑप्शनल फीचर्स, तिथून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घेतला की येतात. माझ्या एका सहकारी बाई कोकिळा अठरामध्ये लिहितात, कारण तो दिसायला बारीक. तो नसताना त्यांच्या मेलमधलं प्रत्येक अक्षर लहान मुलांच्या अंकलिपीएवढं येत होतं, जणू त्या माझ्यावर ओरडताहेत. स्वतःसाठी मी थंडरबर्डमध्ये देवनागरीला ‘टिरो देवनागरी मराठी’ लावला. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. दिवसभर हिंदी वळणाचा ल बघून डोळे शिणतात, हे ऐकून लोक हसतात, हसू देत.

शेवटी उरल्या त्या प्रश्नचिन्हांच्या मेल. २००९ नंतर कथालेखकांनी युनिकोड घेतला, मुलीने लावून दिला. पण जुन्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तक्ता पश्चिम युरोपीच राहिलेला. अशा वेळी पाठवताना तो प्रोग्रॅम विचारत असे: ह्यातली अक्षरं ह्या तक्त्यात बसत नाहीत, युनिकोड म्हणून पाठवू का आहे तशी पाठवू? कोणताही सज्जन माणूस ‘आहे तशी’च म्हणेल. त्यांनीही तेच म्हटलं, आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह निघालं. ह्याला तक्ता नाही, फॉन्ट नाही, परिवर्तक नाही. सोर्समध्येसुद्धा प्रश्नचिन्हंच. जुन्या कॉम्प्युटरवरही त्या तशाच होत्या. अपग्रेडचा त्यांच्याशी संबंध नाही. तेव्हा मी फोन करून विचारत असे, काय लिहिलं होतंत, आणि ते वाचून दाखवत.

हे मी त्यांच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा आधी वर्डमध्ये लिहायचे, प्रिंट काढायचे, मग मेलमध्ये चिकटवायचे. प्रिंट आहेत माळ्यावर.” तिने शोधून फोटो काढून पाठवले. प्रश्नचिन्हांच्या मेलवरची तारीख आणि प्रिंटवरची तारीख जुळवून बरीचशी पत्रं लागली. परिच्छेद कुठे तुटतात हे प्रश्नचिन्हांच्या ओळींवरूनही कळतं, ते जुळलं की खात्री. आता ती पत्रं मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करते आहे. ‘पाहिजे’ हा शब्द ते कायम दीर्घ ‘ही’ने लिहीत आणि मी कायम सुधारत असे. संग्रहात तो त्यांच्यासारखाच ठेवायचा, असं मुलीचं आणि माझं ठरलं आहे.